आधी हात सोडा

दुपारच्या ड्युटीला आले तेव्हा सकाळच्या सिस्टरने ओव्हर दिली. ओव्हर म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवायचा, कोण कसं आहे ते सांगायचं. ती पर्स खांद्याला लावत म्हणाली, "सतरा नंबर. खुब्याचं ऑपरेशन झालंय. कन्फ्युज्ड आहे. सलाइन उपसतो, मारायला येतो. हात बांधलेत. सोडू नकोस हां, तुझा जीव खाईल."

माणूस पंच्याहत्तरी ओलांडलेला आणि आमच्या तोंडी 'उपसतो', 'येतो', 'खाईल'. नावाऐवजी नंबर. घरी आपण कुणाच्याही वडिलांना अरे-तुरे करत नाही. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन अंगावर चढला की मात्र म्हाताऱ्या माणसाचं 'अहो' कपड्यांबरोबर नातेवाइकांच्या पिशवीत जातं.

हे परळचं हॉस्पिटल, वॉर्ड हाडांचा, पुरुषांचा. सतरा नंबरचे गृहस्थ लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर एकटे राहायचे. बायको गेलेली. मुलगा बदलापूरला, सून नोकरी करणारी. सकाळी नळावर पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झकास झालं होतं, एक्स-रेमध्ये रॉड सरळ दिसत होता. पण ते उभे राहत नव्हते. चाळीतला संडास दूर टोकाला, तिथवर चालता आलं नाही तर घरी जाणार कसे? डोकंच ठिकाणावर नसेल तर एकटे राहणार कसे? मुलाने कर्जतच्या बाजूला एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, या आठवड्यात उभे राहिले आणि जरा भानावर आले तर घरी, नाहीतर तिकडेच पाठवलेलं बरं. म्हणजे त्या माणसाचं उरलेलं आयुष्य कुठे जाणार हे त्या आठवड्यावर होतं, आणि तो आठवडा हा माणूस खाटेच्या दांड्याला बांधलेल्या हातांनी काढत होता.

मी खाटेपाशी गेले. दोन्ही मनगटांना गॉजच्या पट्ट्या, गाठ दांड्याला. खालून डायपर. डोळे छताकडे. मी मास्कमधूनच म्हटलं, "आजोबा, कसं वाटतंय?" काही नाही. फाईलवर 'कमी ऐकू येतं' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे सगळा वॉर्ड त्यांच्या कानाशी ओरडायचा. मीही ओरडले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बाजूच्या खाटेचं मशीन टीं-टीं करायला लागलं. त्यांना ते ऐकू आलं नसणार, पण लाल दिवा दिसला. पट्टीत अडकलेला त्यांचा उजवा पंजा उताणा झाला आणि दांड्यावर दोनदा पालथा आपटला. मग दोन बोटं कात्रीसारखी उघडली, मिटली. पुन्हा पंजा. पुन्हा बोटं.

माझ्या अंगावर काटा आला. हे मी लहानपणापासून बघत आले होते. आमच्याकडे जेवताना बाबा असं करायचे. पंजा पालथा, म्हणजे थांबव. दोन बोटं, म्हणजे धागा तुटलाय.

आम्ही काळाचौकीचे. बाबा मिलमध्ये साच्यांवर होते, म्हणजे मागावर, कापड विणायला. साचेखात्यात शेकडो माग एका वेळी धडधडतात. कानात तोंड घालून बोंबललं तरी शेजारच्याला कळत नाही. म्हणून तिथली माणसं तोंडाने आवाज काढायच्या भानगडीत पडायचीच नाहीत. नुसते ओठ हलवायचे आणि हात चालवायचे. समोरच्या रांगेतला माणूस ते वाचायचा. पगार, संप, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, सगळं त्याच भाषेत. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कान गेले तरी कुणाचं अडलं नाही. संध्याकाळी चाळीत बाबा आमच्या गॅलरीत आणि त्यांचे दोस्त समोरच्या गॅलरीत, दोघांच्या तोंडातून हूं की चूं नाही, आणि तासभर गप्पा. मध्येच दोघे पोट धरून हसायचे. आई चिडायची. "काय बोलतात मेले, एक अक्षर ऐकू येत नाही!" चाळीतल्या बायकांना ऐकू येणार नाही अशी ती एकच गोष्ट होती.

आम्ही पोरं बघून बघून शिकलो. शाळेत परीक्षेला त्याचा फार उपयोग झाला.

मी मास्क खाली ओढला. कोविडपासून आमच्या वॉर्डात मास्क हनुवटीवर दिसला की इन्चार्ज सिस्टर फाडून खातात, पण ओढला. त्यांच्या खांद्याला हात लावला. डोळे उघडेपर्यंत थांबले. मग आवाज न काढता, ओठ नीट हलवत विचारलं, "साच्यांवर होतात?"

ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. तहानलेला माणूस नळाकडे बघतो तसे. मग खणखणीत आवाजात, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हणाले,

"मेल्यांनो, माका वाटला हंय कोणाक तोंडच नाय!"

दोन खाटा पलीकडचा पाय मोडलेला पोरगा फिस्सकन हसला. मला हसू आलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून या माणसाला एकही तोंड दिसलं नव्हतं. सगळीकडे निळी फडकी आणि वर वटारलेले डोळे. ओठ वाचून जगणाऱ्याला आम्ही ओठ दाखवत नव्हतो. उरले हात. ते हलले की आम्हाला वाटायचं मारायला आला. मग आम्ही ते बांधले. तोंडावर पट्टी चिकटवली असती तर निदान आमची आम्हाला लाज तरी वाटली असती.

मी गाठी सोडल्या. मनगटावर लाल वळ होते. त्यांनी हात चोळले, आणि पहिली गोष्ट काय केली तर करंगळी वर करून दाखवली. लघवीला. शाळेतलं पोरही ओळखेल ती खूण.

"तीन दिस सांगतंय," ते म्हणाले. "हेनी माका पोराचो लंगोट बांधल्यानी."

आता आवाज खाली आला होता. मी पडदा ओढला, भांडं दिलं, पाठ फिरवून उभी राहिले. नंतर त्यांनी चादर स्वतः नीट केली. मग हाताकडे बोट दाखवलं. सलाइनची सुई होती तिथे हात टम्म सुजलेला. सुई शिरेतून सरकलेली, पाणी मांसात जात होतं. आधीची सलाइन त्यांनी का उपसली असेल ते मला तिथेच कळलं. बाई, हे चुकीचं चाललंय, बंद कर, असं ते हाताने सांगत होते. कुणी बंद केलं नाही म्हणून स्वतः बंद केलं. मीही तेच केलं असतं.

मी सुई काढली. विचारलं, "तुम्हाला हाक काय मारू? आजोबा?"

"आजोबा माझ्या नातवाचो. खात्यात माका अण्णा म्हणीत."

मी फाईलच्या वर जाड पेनाने लिहिलं: अण्णा म्हणा. मास्क काढून समोर उभं राहून बोला. ओरडू नका. हात मोकळे ठेवा, हाताने बोलतात.

इन्चार्ज सिस्टर चार वाजता राउंडला आल्या. पन्नाशीच्या, कडक, नोकरीत हाडं झिजवलेल्या. वाईट बाई नाही. त्यांच्या हाताखाली मी ड्रेसिंग शिकले, ते आजही कुणी नाव ठेवणार नाही असं करते. त्यांनी आधी फाईल बघितली, मग मोकळे हात बघितले, मग मला बघितलं.

"कुणी सोडले?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"बांधले कुणाला विचारून? ऑर्डर दाखवा. फाईलमध्ये डॉक्टरांची सही कुठेय?"

सही नव्हती. अशा वेळी सही कधीच नसते. पट्टी कपाटात असते, गाठ हाताला येते, आणि वॉर्डात आम्ही दोघीच असतो.

"हे बघ बाई," त्या म्हणाल्या, "तुझं बी.एस्सी. तुझ्यापाशी ठेव. पुस्तकात पेशंट एक आणि नर्स एक असते. माझ्याकडे अख्खा वॉर्ड आहे. हा उतरायला गेला, पडला, दुसरा खुबा मोडला, तर मेमो कुणाला? पुस्तकाला?"

खोटं नव्हतं ते. म्हणून तर राग जास्त आला. पडला तर मेमो येतो. बांधून पाठीला जखम झाली, छातीत कफ भरला, माणूस बोलायचा बंद झाला, तर कुणालाच मेमो येत नाही. ते वयाच्या नावावर खपतं. आमची सगळी काळजी मेमोच्या दिशेने धावते.

आणि बी.एस्सी.चं म्हणाल, तर हो, आहे मी बी.एस्सी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. बाबा सातवी, आई अंगठा. ती डिग्री मला कुणी कौतुकाने दिली नाही. चाळीत संडासाच्या रांगेत उभी राहून मी शरीरशास्त्र पाठ केलंय. वॉर्डात टोमणा मारायचा म्हणून 'डिग्रीवाली' म्हणतात ना, मी दरवेळी 'हो' म्हणून ओ देते. पण त्या दिवशी हात सोडायला डिग्री लागली नव्हती, हे मी इन्चार्जना सांगितलं. त्या खुणा मला घरी शिकायला मिळाल्या. वॉर्डातल्या दुसऱ्या कुणाला मिळाल्या नाहीत यात त्यांची चूक नाही. चूक आहे ती माणूस असं का वागतोय हे न विचारता गाठ मारण्याची.

"माझ्या ड्युटीत मी बांधणार नाही," मी म्हटलं. "त्यांची खाट आपल्या टेबलासमोर आणते. मला दिसतील, मी त्यांना दिसेन. उतरायचं असेल तर हात वर करतील."

"आणि दुसऱ्यांच्या ड्युटीत?"

"त्यांनाही सांगेन."

"सांग," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

खाट आणली टेबलासमोर. सांगितलंही सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर हात परत बांधलेले. सकाळच्या सिस्टरने माझ्याकडे बघून खांदे उडवले. "पाय खाली टाकत होता गं. मी एकटी, तिकडे ऑपरेशनवरून दोन आलेले. काय करू, ओवाळू?"

अण्णांनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं. काल ज्या बाईने सोडलं, तिच्याच वॉर्डाने आज बांधलं. माझ्यावरचा विश्वास गेला होता, आणि जायलाच हवा होता. सोडते म्हटलं तर हात आखडून घेतले, गाठीला हात लावू दिला नाही. जेवण आलं, खाल्लं नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी वॉकर घेऊन आली, दहा मिनिटं 'उठा, उठा' करत मास्कमधून ओरडली, 'नॉन-कोऑपरेटिव्ह' लिहून निघून गेली. मुलगा संध्याकाळी आला, खाटेशेजारी स्टुलावर बसून मोबाइलवर वृद्धाश्रमाचे फोटो बघत राहिला. वडिलांशी बोलला नाही. काय बोलणार? तो मोठा झाला तेव्हा मिल बंद पडलेली. वडील बहिरे आणि तिरसट, एवढंच त्याला माहीत. हात चालवलेले त्याने बघितले नव्हते, कारण समोर हात चालवणारा कुणी उरला नव्हता.

घरी जाऊन मी ताटावर हे बाबांना सांगितलं. सांगितलं म्हणजे आमच्या पद्धतीने, घास डाव्या गालात सरकवून ओठांनी.

बाबांचा हात भातातच थांबला. "बांधलेत? साचेवाल्याचे हात?"

"हो."

"मग तो बोलणार कशाने?"

मग विचारत सुटले. कुठली मिल, कुठलं खातं, किती साचे बघायचा. मला काय ठाऊक! "तू एवढी शिकलीस आणि साधं विचारता येत नाही?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्डाच्या दारात हजर. हातात केळी. मी म्हटलं, "बाबा, तुमची ओळख नाही, पाळख नाही." ते म्हणाले, "तू गप. तुझं काम कर."

बाबा खाटेजवळ गेले नाहीत. पायथ्याशी, जरा लांब, साच्याच्या दोन रांगांत असतं तेवढं अंतर ठेवून उभे राहिले. मी तोवर हात सोडले होते. अण्णांचे डोळे अर्धवट मिटलेले. बाबांनी खाटेच्या लोखंडावर चप्पल ठोकली. त्याचा थरार खाटेतून गेला असणार, कारण अण्णांनी झटकन बघितलं. बाबांनी मिशीला पीळ दिल्यासारखं केलं, मग अंगठ्याने मागे दाखवलं. जॉबर येतोय!

अण्णा बघत राहिले. आणि मग त्या माणसाचे हात सुटले.

मला सगळं कळलं नाही. मी घरच्या बोलण्यापुरती शिकलेले, ते दोघे खात्यातलं बोलत होते. मिल कळली, खातं कळलं, कुठल्या तरी जॉबरच्या पोटाचा घेर कळला. मग बाबांनी काहीतरी सांगितलं आणि अण्णा हसले. आवाज नाही, फक्त खांदे गदागदा आणि डोळ्यांत पाणी. कन्फ्युज्ड म्हणून लिहिलेला माणूस, भेटून पाच मिनिटं झालेल्या माणसाची टिंगल करत होता. मधूनच बाबा चुकले की त्यांना थांबवून दुरुस्त करत होता. पाय मोडलेला पोरगा कोपरावर उठून बसला. भेटायला आलेल्या बायका गप्प झाल्या. सगळा वॉर्ड बघत होता, आणि आवाज फक्त पंख्यांचा.

इन्चार्ज सिस्टर दारात उभ्या होत्या. कधी आल्या कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीच विचारलं, "हे कोण?"

"माझे वडील."

"काय बोलतायत?"

"आपल्याबद्दल असेल," मी म्हटलं. "हसतायत त्यावरून."

त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला, मास्कमधूनही कळलं. मग म्हणाल्या, "सहाला बाहेर काढ त्यांना. वेळ संपली की संपली." आणि गेल्या. गेल्या त्या सहा वाजून गेल्यावरच परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटी नसताना राउंडला गेले. मुद्दाम. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, घाईत होते. मी म्हटलं, "सर, सतरा नंबरच्या अण्णांना तुम्हीच प्रश्न विचारा. मास्क काढून. समोर उभं राहून. हळू."

"सिस्टर, इन्फेक्शन..."

"सर, मिनिटभर. आम्ही यांना वेडं ठरवलंय, तेवढ्यासाठी तरी."

त्यांनी मास्क काढला. विचारलं, "हे कुठलं ठिकाण आहे?"

"हॉस्पिटल. तुमका वाटता हाटेल?"

"वार कुठला?"

अण्णांनी वार सांगितला. वर, आज सकाळी चहात साखर नव्हती, हेही सांगितलं. घरी कोण, मुलगा कुठे, सगळं बरोबर. मग डॉक्टरांनी विचारलं, "मग उठत का नाही?"

अण्णांनी दोन्ही मनगटं जोडून वर केली, बांधल्यासारखी. बाकी काही नाही. डॉक्टरांना खूण समजावून सांगावी लागली नाही. वळ अजून होते.

वॉकरला दोन हात लागतात हो. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. ज्याचे हात बांधलेत त्याच्यापुढे वॉकर ठेवून 'उठा' म्हणायचं, आणि नाही उठला तर तसं लिहायचं! फिजिओच्या मुलीला मी तोंड उघडं ठेवायला लावलं आणि तीन खुणा शिकवल्या. थांब, चालू दे, हळू. तिला मजा वाटली. अण्णा उभे राहिले तेव्हा गुडघे लटपटत होते, तोंडातून मालवणी शिव्यांचा पट्टा सुटला होता. ती मुलगी घाबरली. मी म्हटलं, "शिव्या देतायत म्हणजे श्वास बरा आहे. चालू दे." खाटेपासून टेबलापर्यंत आले. टेबलाला धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता इन्चार्जकडे बघितलं. इन्चार्जनी पेन खाली ठेवलं. मास्क खाली केला. ओठ नीट हलवून म्हणाल्या, "बसा आता, अण्णा. दमलात."

आता कुणी म्हणेल, मग सगळं गोड झालं. नाही झालं. मला मेमो आलाच. डॉक्टरांच्या राउंडमध्ये ड्युटी नसताना घुसणं, वरिष्ठांशी वाद, मास्कचा नियम मोडणं. इन्चार्जनी तो लिहिला नव्हता, वरून आला होता. दोन ओळी दिलगिरीच्या लिहून द्या, विषय मिटवू, असा निरोप. मी दोन ओळी लिहिल्या. पहिली, मी हात सोडले. दुसरी, पुन्हा सोडेन. माझी बदली दुसऱ्या वॉर्डात झाली. जाते म्हटलं. माणसं तिथेही म्हातारी होतात.

पण त्याआधी डिस्चार्जचा दिवस होता, आणि खरं भांडण तेव्हा झालं.

मुलगा वृद्धाश्रमाची गाडी ठरवूनच आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, चालतायत, भान आहे, घरी नेऊ शकता. मुलगा माझ्याकडे वळला. आवाज चढलेला. "सिस्टर, तुम्ही सगळं केलंत, छान केलंत. पण चाळीत एकटे राहणार आणि पडले तर? तुम्ही येणार आहात उचलायला?"

"नाही," मी म्हटलं.

"मग? जबाबदारी कोणाची? लोक काय म्हणतील, बापाला मरायला सोडलं?"

त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. रोज बदलापूरहून ऑफिस, मग परळ. मला त्याचा राग आला नाही. पण त्याला जे हवं होतं ते मी देऊ शकत नव्हते. त्याला हमी हवी होती, की ते पडणार नाहीत. ती मला माझ्या बाबांचीही देता येत नाही, माझीही देता येत नाही.

"पडतील," मी म्हटलं. "कधीतरी पडतीलच. माणूस पडू नये म्हणून त्याला आयुष्यभर खाटेला बांधायचं का? तुमच्या वडिलांना इथे आम्ही तसंच ठेवलं होतं. पडले नाहीत. बघा विचारून कसं वाटलं."

"त्यांना काय विचारायचं! त्यांना ऐकू—"

"मला सांगू नका. त्यांना विचारा. माझ्याकडे बघत बोलू नका, त्यांच्याकडे बघून बोला. सावकाश."

तो वळला. बापाच्या तोंडाकडे असं समोरून तो किती वर्षांनी बघत होता कुणास ठाऊक. अडखळला. मग म्हणाला, "बाबा, घरी पडलात तर?"

अण्णांनी त्याचे ओठ वाचले. वॉकरवरचा एक हात सोडला. मला वाटलं आता खुणेने काही सांगणार. पण त्यांनी तो मुलाच्या गालावर ठेवला, हलकेच थोपटला आणि तोंडानेच बोलले.

"पडलंय तर पडलंय, झिला. चाळ आसा उचलूक. थंय कर्जताक माझ्याशी बोलतलो कोण?"

मुलाने फोन काढून गाडीवाल्याला सांगितलं, "कर्जत कॅन्सल. लालबाग." आणि माझ्याकडे रागानेच बघत म्हणाला, "रोज संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल करायला सांगा त्यांना. तोंड दिसलं पाहिजे."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

महिन्याभराने त्याचा फोन आला. मी नव्या वॉर्डात होते, कुठून तरी नंबर मिळवला होता. नमस्कार वगैरे काही नाही. "सांगितलं होतं की नाही तुम्हाला? काल पडले. नळाशीच."

"काही मोडलं का?"

"नाही. गुडघा सोलवटलाय. शेजारच्यांनी उचललं. डॉक्टरकडे नेऊन आणलं."

"मग पुन्हा उभे राहिले?"

तो म्हणाला, "राहिले. आज सकाळी परत नळावर गेले. मी नको म्हणत होतो व्हिडिओवर, तर फोनच पालथा ठेवला."

"मग झालं तर," मी म्हटलं.